शॉवरचा पडदा

"आधी पाठ फिरवा, भाऊ!" इडेला ओरडली, आणि होझियाने पाठ फिरवली.

फिनॉलची, त्या जहाल रसायनाची, बाटली टेबलाच्या कडेवर आपटून फुटली होती. निम्मी तिच्या स्कर्टवर, पायमोज्यांवर. मेम्फिसच्या त्या प्रयोगशाळेत डीएनए वेगळा काढायला ते रोज लागे. अंगावर सांडलं तर काय करायचं, हेही दोघांना पाठ होतं: कपडे तिथल्या तिथे उतरवायचे आणि अशा अपघातांसाठीच बसवलेल्या मोठ्या शॉवरखाली उभं राहायचं. पण शॉवर उघड्यावर, अगदी दारासमोर. पलीकडच्या टेबलांवर सगळे पुरुष. इडेला पन्नाशीची विधवा, होझियाच्याच चर्चमध्ये गाणारी.

"ताई, शॉवर घ्या. मी सगळ्यांना बाहेर काढतो."

"चारचौघांत कपडे काढू? सासू कबरीतून उठून येईल माझी! नळावर धुते की. आणि दुखत कुठंय? जरासं झोंबलं, आता काहीसुद्धा नाही."

दुखत नाही, हाच तर फिनॉलचा कावा. कातडी पांढरी पडते, बधिर होते आणि विष गुपचूप आत उतरतं. नळाच्या थोड्याशा पाण्याने तर ते पसरतंच. होझियाला ठाऊक होतं हे सारं. पण पाठीमागे नळ वाहत होता आणि ताईच्या आवाजात नेहमीची थट्टा होती.

"काल चर्चमध्ये पास्टर प्रवचन देता देता गायला लागले, वरच्या सुराला पोचले, तेव्हा घोरत होतात तुम्ही."

"डोळे मिटून ऐकत होतो."

"घोरण्यातसुद्धा ताल चुकलात हो!"

तो हसला. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर अडखळलं, आणि मग ती पडल्याचा आवाज आला.

होझियाने कात्रीने कपडे कापले, तिला ओढत शॉवरखाली नेलं. कोणाकोणाला हाका मारल्या, त्याचं त्यालाच आठवत नाही. संध्याकाळी इस्पितळात तिचं हृदय थांबलं.

दफनाच्या दिवशी पास्टर बोलता बोलता गाऊ लागले. प्रभूच्या दारी कुणाला लाजावं लागत नाही, असं ते गात होते आणि ओळीओळीला अख्खं चर्च साद देत होतं. होझियाशेजारी बसलेली इडेलाची लेक कॉर्लिस हळूच म्हणाली,

"काका, आईला लाज वाटली असणार."

"हो गं."

"आणि तुम्हाला?"

"मलाही," तो म्हणाला. तिने त्याचा हात धरला, प्रवचन संपेपर्यंत सोडला नाही.

विभागप्रमुखांनी शॉवरजवळची सूचनेची पाटी मोठी करायचं ठरवलं. होझिया म्हणाला, "साहेब, पाटी राहू द्या. पडदा लावा."

जाड, निळा पडदा आला. इडेलाच्या जागी मोझेल नावाच्या बाई आल्या. पहिल्याच सकाळी होझियाने त्यांना शॉवरकडे नेलं. "आत जा, पडदा ओढा आणि नुसता कोट काढून बघा. सवय हवी."

मोझेलबाई हसत आत गेल्या. पडद्याच्या कड्या खळखळल्या.

"काय हो भाऊ, दिसतेय का मी?"

"नाही बाई," होझिया म्हणाला, "काही दिसत नाही." आणि चष्मा काढून तो बराच वेळ बाहीने पुसत राहिला.