बायकांची चटई

जयवंतीबाईंनी मोरीवर बसून टाचेला दुसऱ्यांदा वजरी लावली. सकाळी एकदा पाय घासून झाले होते. पण आज पवित्र गुरुवार, आणि संध्याकाळी मंडळीत पाय धुण्याचा विधी. पाय धुवून घ्यायला जाताना ते आधी घरी स्वच्छ धुवून जायचे, ही त्यांच्या मंडळीतली जुनी गंमत होती. बाहेरगावच्या ख्रिस्ती माणसाला ती सांगितली की तो हसायचा. मंडळीतलं मात्र कुणी हसत नसे, कारण प्रत्येक जण घरी तेच करून आलेला असे.

शेजारची बायडी हंडा घेऊन जाता जाता थांबली आणि लग्नाबिग्नाला चाललात का, म्हणून विचारू लागली. देवळात चालले, असं बाईंनी सांगितलं. देवळात तुमचे पाय कोण बघणार, असं म्हणून ती आपल्या वाटेनं गेली. बाईंनी टाचेवर पाणी ओतलं आणि दुसरा पाय घासायला घेतला.

येशूनं शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, म्हणून या पंथाची माणसं वर्षातून एकदा एकमेकांचे पाय धुतात आणि मग एकत्र जेवतात. पुरुषांचे पुरुष धुतात, बायकांचे बायका. बोईसरच्या त्या कौलारू खोलीत एका बाजूला पुरुषांची चटई पडे, दुसऱ्या बाजूला बायकांची. एके काळी बायकांच्या चटईवर अकरा जणी असत. मग कुणी मुलाबरोबर मुंबईला गेली, कुणी नाशिकला, कुणी मातीत. शेवटची गोरी मिसबाई सहा वर्षांपूर्वी, बासष्ट साली, मायदेशी जायला आगबोटीत बसली. उरल्या दोघी. जयवंतीबाई आणि दिनानाथ मास्तरांच्या राहीबाई. गेल्या पावसाळ्यात राहीबाई तापानं गेल्या, आणि चटईवर आता एकट्या जयवंतीबाई होत्या.

जयवंतीबाई मिशनच्या बायबलबाई. सफाळ्यापासून चिंचणीपर्यंत पाड्यापाड्यांत पायी हिंडून त्यांनी तीस वर्षं शुभवर्तमान सांगितलं. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नाही. आता मिशनचं काम बंद पडलं होतं आणि त्या मिशनच्याच एका खोलीत राहत होत्या. गल्लीतल्या त्यांच्या वयाच्या म्हाताऱ्यांच्या पाया दिवाळीला सुना पडत, नातवंडं पडत. मंडळीत पाया पडायची चाल नव्हती. माणसाची पूजा नको, असं मिशनऱ्यांनी कधीकाळी शिकवलं आणि लोकांनी ते इमानानं पाळलं. त्यामुळे जयवंतीबाईंना हात लावायचं कुणाला काही कारणच नव्हतं. वर्षातून एकदा राहीबाई त्यांचे पाय मांडीवर घ्यायच्या, सावकाश धुवायच्या, पुसायच्या आणि गालाला गाल लावायच्या. तेवढंच. माणसाला तेवढ्यावर वर्ष काढता येतं, हे कुणाला सांगून पटलं नसतं. म्हणून त्यांनी ते कधी सांगितलं नाही.

यंदा आपले पाय कोण धुणार, हा प्रश्न त्यांच्या मनात नाताळापासून होता.

आणि प्रश्न विचारायची तर मंडळीत आता मोठी हौस आली होती. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं काम निघालं आणि गावोगावची माणसं बोईसरला येऊन राहिली. त्यांतलाच नगरचा शांतवन. तिथं ड्राफ्ट्समन होता, सत्तावीस वर्षांचा, अजून एकटा. दर रविवारी दुपारी आपल्या भाड्याच्या खोलीत तो मंडळीला जमवी. अणू फोडणाऱ्या माणसानं सहा दिवसांत सृष्टी झाली हे कसं मानायचं, निरनिराळ्या मिशनांच्या मंडळ्यांनी एक का होऊ नये, जे ख्रिस्ती नाहीत त्यांचं काय होणार, असे एकेक विषय निघत. चहा होई, आवाज चढत. दिनानाथ मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून प्रत्येक नव्या मताला शास्त्रातलं वचन काढून दाखवत. ते मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि मंडळीचे वडील. पाळक नसताना विधी तेच चालवत, आणि नियमातला काना-मात्रा ढळू देत नसत.

जयवंतीबाईंना या बैठका आवडायच्या. एकदा नरकाचा विषय निघाला तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, की पंधरा वर्षांपूर्वीच त्यांनी पाड्यांवर नरकाचं सांगणं सोडून दिलं. ज्या घरात आपल्याला भाकरी वाढली, त्या घराला असं काय सांगायचं? शांतवननं वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि मास्तरांनी चष्मा पुसला.

मार्च महिन्यात पाय धुण्याचा विषय आला. एकजण म्हणाला, बाई एकट्या पडतात, त्यांना अवघड वाटत असेल, तर यंदा विधीच नको, दोन मिनिटं शांत बसू. हे तो कळवळ्यानं म्हणाला. जयवंतीबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. पण शांतवन उठून उभा राहिला. दोन चटया हव्यात कशाला, असं त्याचं म्हणणं. एकच वर्तुळ करू. ज्याचे पाय धुतले जातील त्यानं पुढच्याचे धुवायचे, बाई असो की पुरुष. ख्रिस्तामध्ये स्त्री आणि पुरुष असा भेदच नाही, हे आपण नुसतं वाचतच राहणार का? तो फार चांगलं बोलला.

मास्तर म्हणाले,

"परपुरुषानं बाईच्या पायाला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांत या मंडळीत असं झालेलं नाही."

रेल्वेच्या फाटकावर काम करणारा विश्राम खाली मान घालून बोलला,

"आमाला चालंल. पण बायना इचारा ना. पाय त्यांचे हाय."

बाईंना मात्र कुणी विचारलं नाही. हात वर करा, असं शांतवननं सांगितलं. सगळ्यांत आधी हात वर गेला तो जयवंतीबाईंचा. फारच लवकर गेला असं त्यांना वाटलं, म्हणून त्याच हातानं त्यांनी पदर सारखा केला. पण शांतवननं तो मोजला होता. पाच विरुद्ध दोन असा ठराव झाला. मी वर्तुळात बसेन, पण माझा विरोध लिहून ठेवा, असं मास्तरांनी बजावलं. पुढचे तीन आठवडे जयवंतीबाई रोज संध्याकाळी टाचांना खोबरेल लावत होत्या.

पाच वाजता खोलीत बाकं गोल मांडली होती. मध्ये पितळी घंगाळ, शेजारी पांढरा पंचा. सहा पुरुष आणि एक बाई. बाईंना परकं वाटू नये म्हणून शांतवननं त्यांना आपल्या आणि मास्तरांच्या मध्ये बसवलं. गल्लीत बातमी फुटली होतीच. खिडकीशी चारपाच माणसं येऊन उभी राहिली होती, आणि त्यांतला एकजण दुसऱ्याला काहीतरी समजावून सांगत होता.

मास्तरांनी वचन वाचलं. विधी समोरच्या बाकापासून सुरू झाला. पुरुषांचं काम नेहमीप्रमाणे झटपट चाललं. विश्रामनं शांतवनचे पाय धुतले, आणि शांतवन घंगाळ सरकवून जयवंतीबाईंच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला.

त्याचे कान लाल झाले होते. त्यानं एकदा खिडकीकडे पाहिलं. मग उजव्या हाताची तीन बोटं पाण्यात बुडवून त्यानं बाईंच्या उजव्या अंगठ्यावर थेंब सोडले, आणि पंच्याची कड त्यावर टेकवली न टेकवली.

"शांती असो, बाई."

"शांती असो."

तो उठून जागेवर बसला आणि त्यानं श्वास सोडला. त्यात त्याची काही चूक नव्हती. आईच्या वयाच्या बाईचा मान त्यानं राखला होता आणि ठरावही पाळला होता. सगळ्यांना बरं वाटलं. जयवंतीबाई आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या. थेंब आधीच वाळत आले होते, एप्रिलचा उकाडा होता. झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. यंदाचं झालं. त्यांना रडू येत होतं, आणि सहा पुरुषांसमोर त्याचं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं.

आता पाळी त्यांची होती. त्या खाली बसल्या. दिनानाथ मास्तरांनी पाय पुढे केले, लाकडासारखे ताठ. अंगठ्याची नखं वाढून कडेला वळली होती. गुडघ्यांमुळे त्यांना वाकता येत नव्हतं, आणि राहीबाईंना जाऊन आता नऊ महिने झाले होते. टाचेच्या भेगेत काळी माती अडकून होती. मास्तर आज घरी पाय धुवून आले नव्हते. धुता आलेच नसतील.

जयवंतीबाईंना झटपट धुण्याची पुरुषांची रीत माहीत नव्हती. त्यांना एकच रीत येत होती. त्यांनी एक पाय ओंजळीत घेतला, त्यावर पाणी घातलं, टाच चोळली, बोटांच्या बेचक्या धुतल्या. मग तो मांडीवर घेऊन पुसला. मग दुसरा. कुणीतरी खाकरलं. खिडकीतलं बोलणं थांबलं होतं. मास्तर समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि त्यांची हनुवटी हलत होती.

"शांती असो, मास्तर."

आता रीतीप्रमाणे मास्तरांनी उठून डावीकडच्या माणसाकडे वळायचं. ते बाकाचा आधार घेत उठले, एक हात जमिनीला टेकवून मोठ्या कष्टानं खाली बसले, आणि घंगाळ त्यांनी परत जयवंतीबाईंच्या जागेसमोर ओढलं.

"बसा, बाई."

बाई गोंधळून बसल्या. शांतवन पुढे वाकून हळूच म्हणाला, की मास्तर, बाईंचं झालंय, आता तुमच्या डावीकडे.

"झालेलं नाही," मास्तर म्हणाले. शाळेत पाढा चुकलेल्या मुलाला सांगावं तसा त्यांचा आवाज होता. "पाय दोन असतात. एकाच पायाला पाणी लागलं. विधी अपुरा राहिला. मंडळीचा वडील म्हणून मला तो अपुरा ठेवता येत नाही."

नियम काढून दाखवायचे ते नेहमी मास्तरच.

त्यांनी बाईंचा डावा पाय हातात घेतला. किती धरावा, किती सोडावा हे त्यांना कळत नव्हतं. पाणी पंच्यावर सांडलं, धोतरावर सांडलं. त्यांनी टाच धुतली, बोटं धुतली, पाय आपल्या मांडीवर घेऊन पुसला. मग उजवाही घेतला. तो तर नियमानं झालेला होता.

शांतवननं मान खाली घातली. विश्रामनं जाऊन खिडकी लोटून घेतली.

मास्तर पाय पुसत होते. डोकं वर न करता, फक्त जयवंतीबाईंना ऐकू जाईल असं ते बोलले.

"राही विचारायची मला, शेवटच्या दिवसांत. मी नसले तर बाईंचे पाय कोण धुवील म्हणून."

बाईंनी खाली त्यांच्याकडे पाहिलं.

"मी म्हटलं होतं, धुवील कुणीतरी."

पाय केव्हाच कोरडे झाले होते. मास्तरांनी ते मांडीवरून खाली ठेवले नाहीत, आणि जयवंतीबाईंनीही मागे घेतले नाहीत. डावीकडचा माणूस घरून धुवून आणलेले आपले पाय जवळ घेऊन वाट बघत बसला.