आशयचा षड्ज

मित्रांनो, मी मिरजेत घडलेला एक तंबोरा आहे. वयाने जुना, आणि भोपळ्यावर लांबलचक सांधा असलेला. बडोद्यात हरणीच्या एका सोसायटीत, तळमजल्यावर मुलांसाठी एक छोटे केंद्र आहे. तिथे मी राहतो. इथे येणारी मुले निरनिराळी असतात. कोणाला बोलता येत नाही, कोणाचे हातपाय ऐकत नाहीत, कोणाला एका जागी बसवत नाही. सगळीच मला प्रिय आहेत. पण त्यांच्यातल्या एकाची मला फार आठवण येते. त्याची गोष्ट सांगायची म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

माझा भोपळा नदीकाठच्या मळ्यात वाढला. कारागिराने तो वाळवला, कापला, त्याला दांडी जोडली, चार तारा ओढल्या आणि त्यांच्याखाली दोरा सरकवत सरकवत माझा आवाज मोकळा केला. मोहनराव नावाच्या गृहस्थांनी मला पत्नीसाठी विकत घेतले. त्यांच्या मांडीवर आडवा होऊन मी रेल्वेने बडोद्याला आलो.

त्यांच्या पत्नी स्नेहलताबाई दांडिया बाजारातल्या घरी गाणे शिकवत. रोज सकाळी त्या माझ्या तारा जुळवत आणि काळी चारच्या पट्टीत सा लावत. तो लागला की खोलीतली चुळबुळ थांबायची. मैफलीनंतर लोक त्यांचे कौतुक करत. माझे नाव कोणी घेत नसे, आणि मला त्याचे वाईटही वाटत नसे. गाणाऱ्याला पाठीमागून आधार द्यायचा, हेच तंबोऱ्याचे काम.

मोहनराव गेले. पुढे काही वर्षांनी स्नेहलताबाईंच्या हाताला कंप सुटला. त्यांची बोटे तारांवर नीट पडेनात. एका सकाळी त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवले आणि "पुरे आता," एवढेच म्हणाल्या. शिष्य मोबाइलवर तंबोरा लावू लागले. मी गवसणीत, कपाटाच्या आडोशाला. बाई स्वयंपाक करताना तरी गुणगुणतील म्हणून मी कान देऊन असे. त्या गुणगुणल्या नाहीत.

त्यांची सून ऋचा संगीतोपचार शिकलेली. तिने हरणीला हे केंद्र सुरू केले तेव्हा घाबरत घाबरत विचारले, "आई, तंबोरा नेऊ का?"

"ने. इथे कोणासाठी ठेवायचा?" बाई म्हणाल्या. मला बाहेर नेले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

केंद्रात आशय यायचा. नऊ वर्षांचा, शब्द एकही नाही, आणि दोन्ही हात कायम कानांवर. त्याचे वडील विश्राम मूळचे खानदेशातले, वाघोडियाच्या एका कारखान्यात पाळीवर काम करणारे. सुट्टीच्या दिवशी ते त्याला स्कूटरवर घेऊन येत. आशय दाराशी भिंतीला पाठ लावून बसायचा. ऋचा त्याला बोलवायची नाही. ती नुसती मला आईंच्याच पट्टीत जुळवून हळूहळू छेडत राहायची. कित्येक आठवडे असेच गेले.

मग एक दिवस तो उठून आला आणि त्याने माझ्या भोपळ्यावर गाल टेकवला. कानांवर हात तसेच होते. मी जो घुमत होतो, तो त्याला गालातून ऐकू येत होता. बऱ्याच वेळाने त्याचा एक हात खाली आला. आणि त्याच्या गळ्यातून एक बारीक, लांब सूर निघाला. माझाच सा.

विश्राम जागेवरून अर्धवट उठले. "ऋचाबेन, आता हा बोलेल का?" बडोद्यात राहून त्यांच्या तोंडी 'बेन'च बसले होते.

"ते मी नाही सांगू शकत, विश्रामभाई," ऋचा म्हणाली. "पण आत्ता तो गप्प नाहीये."

विश्रामांनी तोंड फिरवले आणि रुमाल काढला.

त्यानंतर तो यायचा, गाल टेकवायचा, सूर लावायचा. इतक्या जवळून मला कधी कोणी ऐकले नव्हते, मित्रांनो. पण एका दुपारी बाहेरच्या रस्त्यावरून लग्नाचा वरघोडा निघाला. ढोल आणि डीजे अगदी खिडकीशी आले. आशय किंचाळून उठला, जिवाच्या आकांताने दाराकडे धावला, आणि त्याच्या धक्क्याने मी फरशीवर पडलो. माझ्या भोपळ्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला.

संध्याकाळी स्नेहलताबाई आल्या. किती वर्षांनी त्या मला पाहत होत्या. ऋचा मान खाली घालून उभी होती. बाईंनी थरथरता हात तड्यावरून फिरवला.

"मुलाला लागलं नाही ना?" त्यांनी विचारले.

मला मिरजेला पाठवले. कारागिराने भोपळा आतून-बाहेरून सांधला आणि निरोप दिला, की सांधा मुरेपर्यंत तारा फार चढवू नका. म्हणून परत आल्यावर ऋचाने मला बराच खाली जुळवले. माझा आवाज मलाच परका वाटू लागला. मुले येत होती, पण आशय येईना. फाटकाशी स्कूटर थांबली की वाटे, तोच असेल. ऋचाने फोन केला की विश्राम म्हणत, "मॅडम, एवढं जुनं वाद्य माझ्या पोरानं फोडलं. कोणत्या तोंडानं येऊ?" 'बेन'ची आता 'मॅडम' झाली होती.

शेवटी स्नेहलताबाईंनीच केंद्रात बसून त्यांना फोन लावला. "विश्राम, तंबोरा माझा आहे. तो दुरुस्त झालाय. मुलाला घेऊन ये."

"बाई, पुन्हा पडला तर?"

"तर पुन्हा सांधू."

ते आले. आशयची उंची वाढली होती. तो सरळ माझ्याकडे आला, सांध्यावरून त्याने बोट फिरवले आणि गाल टेकवला. ऋचाने तारा छेडल्या. तो चटकन मागे सरला. पुन्हा टेकला, पुन्हा सरला. त्याचा चेहरा रडवेला झाला. माझ्या मनात आले, संपले सगळे. ज्याची एवढी वाट पाहिली त्यालाच मी ओळखू येत नाही.

"राहू द्या," विश्राम उठत म्हणाले. "विसरला तो."

तेवढ्यात आशयने सूर लावला. माझ्या आताच्या सुरापेक्षा चढा. ऋचा त्याचा सूर खाली आणायला गेली, तर तो तिथेच ठाम राहिला.

"थांब ऋचा," स्नेहलताबाई म्हणाल्या. "तो चुकत नाहीये. हा माझा सा आहे. मी गात होते ती पट्टी."

एवढे महिने तो सूर त्या मुलाने आपल्यापाशी ठेवला होता.

बाईंनी मला मांडीशी घेतले आणि खुंटीला हात घातला.

"अहो आई, सांधा…"

"सांधा मुरला आता. हळूहळू चढवते."

हात थरथरत होता, खुंटी मागेपुढे होत होती, पण आशयचा सूर समोर होता. त्याच्याशी ताडून त्यांनी एकेक तार वर आणली. शेवटची तार जुळली तेव्हा त्याने हलकेच गाल टेकवला. बाईंची बोटे तारांवर वेडीवाकडी पडत होती. त्याचे त्याला काहीच नव्हते. मग बाईंनी डोळे मिटले आणि सा लावला. तो फाटका होता, तरी आशयच्या सुरात जाऊन मिळाला.

आशय शब्द बोलायला शिकला नाही. पण पुढची दोन वर्षे तो येत राहिला. नंतर विश्रामांची बदली दहेजला झाली आणि ते बिऱ्हाड गेले. तिथून फोन येतो, आशय बरा आहे म्हणतात. स्नेहलताबाई आता दर आठवड्याला इथे येतात, मुलांमध्ये बसून मला छेडतात. नव्या मुलांचे गाल मला टेकतात. मी त्यांच्यासाठी मनापासून घुमतो, आणि तरीही सा लागला की माझ्या चारही तारा त्याला शोधतात.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कानांवर हात ठेवणारा एखादा मुलगा असेल. त्याला काही ऐकायचेच नाही, असे समजू नका. त्याच्याशेजारी थोडा वेळ गप्प बसा. आणि कधी तो गुणगुणला, आणि त्याचा सूर तुम्हाला चुकल्यासारखा वाटला, तर त्याला दुरुस्त करायची घाई करू नका. आधी आपल्या तारा तपासून पाहा.