जे वाक्य मला अडवायचं होतं

मी एका मेंदूचा कपाळामागचा भाग बोलतोय. आधीच माफी मागतो. ज्याच्या डोक्यात मी राहतो त्याने आठवीतच शाळा सोडली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच असतील. त्याला येतं तेवढंच मला येतं. पण गेल्या आठवड्यात जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझं काम थोपवण्याचं. माणसाला पुष्कळदा एकाच वेळी दोन गोष्टी कराव्याशा वाटतात. एक सवयीची, ती धावत येते. दुसरी ठरवलेली, ती रमतगमत येते. माझ्या थोडं मागे, मेंदूच्या दोन अर्ध्यांच्या मधोमध, माझा एक सोबती बसतो. दोन्ही एकदम दाराशी आल्या की तो मला हाक मारतो. मग काय ठरलं होतं ते मी घट्ट धरून ठेवायचं, सवयीला मागे ओढायचं आणि ठरवलेल्या गोष्टीला वाट करून द्यायची. राग आला तरी तुमची जीभ आवरते, ती अशी.

सगळ्यांच्या डोक्यात माझ्यासारखा कोणीतरी असतो. फक्त आम्हाला अक्कल उशिरा येते. हात, पाय, डोळे सांभाळणारे भाग लहानपणीच शहाणे होतात. मी विशी उलटली तरी शिकतच असतो, आणि माझा पोरगा, म्हणजे ज्याच्या डोक्यात मी राहतो तो, आत्ता कुठे एकोणीसचा आहे. ही सबब नाही, नुसतं सांगतोय.

त्याला घरीदारी सगळे मुक्या म्हणतात. तेही माझ्यामुळेच. तो बोलायला गेला की मी आडवा. वर्गात उत्तर अगदी ओठांवर यायचं, आणि चुकलं तर काय, या धास्तीने मी ते गिळायला लावायचो. याला येत नाही की येऊनही सांगत नाही, हे बाईंना कधी कळलं नाही. शेवटी त्याने शाळेत जाणंच सोडलं. मला तेव्हा वाटायचं, मी त्याला सांभाळतोय.

मग तो चौकातल्या फोटो स्टुडिओत कामाला लागला. तिथल्या काकांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं की या पोराच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. त्यांनी त्याला तीन वाक्यं पाठ करून दिली. 'हनुवटी वर. इकडे बघा. हसा थोडं.' एवढ्यावर धंदा चालतो म्हणाले. आणि खरंच चालला. दिवसभर तीच तीन वाक्यं, त्याच क्रमाने. थोड्याच दिवसांत त्यांना माझी गरज उरली नाही. पहिलं सुटलं की दुसरं, दुसऱ्यामागे तिसरं, आपसूक. मला बरंच वाटलं. पोरगा निदान बोलतोय. एकदा तर त्याने, कवळी दुरुस्तीला दिलेल्या एका आजोबांना हसायला सांगितलं. आजोबांनी आ करून पूर्ण रिकामं तोंड दाखवलं आणि स्वतःच खो खो हसत सुटले. मीही ते हसण्यावारी नेलं. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

आता ताईचं सांगतो. मुक्याची मोठी बहीण. गेल्या वर्षी एका सकाळी उठली तर तिचा अर्धा चेहरा लुळा पडलेला. डॉक्टर म्हणाले, नस सुजली आहे, हळूहळू येईल. डोळा मिटायला लागला, बोलणं सुधारलं, पण हसली की एकच बाजू वर जाते आणि दुसरी तशीच राहते. तेव्हापासून ती हसत नाही. फोटो तर लांबच, आरशासमोरही उभी राहत नाही.

तिला मुलांच्या वाचनालयात नोकरी लागली. ओळखपत्रासाठी फोटो हवा होता, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. नाही दिला तर जागा दुसरीला जाणार. परक्या माणसासमोर ती बसायला तयार नव्हती. आईने फार गळ घातली तेव्हा म्हणाली, मुक्या काढणार असेल तर बसेन. आणि स्टुडिओच्या वाटेवर त्याला एकच गोष्ट सांगितली. "ते तुझं हसायचं वाक्य तेवढं मला म्हणू नकोस."

मुक्याने मान हलवली. ते वाक्य म्हणायचं नाही, हे मी मुठीत धरलं. खरंच धरलं होतं.

ताई स्टुलावर बसली. दिवे लागले. तेवढ्यात बाहेरून काकांनी विचारलं, मघाच्या माणसाचे फोटो कापून झाले का? मुक्याने हो म्हटलं. बस, एवढंच. त्या एका 'हो'च्या नादात माझी मूठ सैल झाली. तो कॅमेऱ्याशी वाकला आणि ती तीन वाक्यं निघाली. हनुवटी वर. इकडे बघा. हसा थोडं.

आणि ताई हसली. जन्मभर कोणी हस म्हटलं की माणूस हसतो, तशी. तिच्या कपाळामागेही माझ्यासारखाच एक बसलाय, तोही बेसावध राहिला. बटण दाबलं गेलं.

माझ्या सोबत्याची हाक आली, पण ती वाक्य बाहेर पडल्यावर. चूक झाली हे त्याला ताईचा चेहरा बदलायच्या आधीच कळलं होतं. उशिरा आलेल्या हाकेत नुसती कळ असते. पडद्यावर फोटो आला. ताईने तो पाहिला, ओढणी तोंडावर धरली आणि निघून गेली.

घरी आई समजावत होती की तोंडातून निघालं, मुद्दाम का बोलला तो? ताई म्हणाली, "मुद्दाम बोलला असता तर बरं होतं. भांडता तरी आलं असतं." मग तिने सांगून टाकलं, नोकरी नको. मुक्या दाराशी उभा होता. चुकलो, एवढा एक शब्द त्याच्या ओठांवर आला होता. आणि मी काय केलं? तो अडवला. सवयीने. जे थोपवायचं ते सोडलं आणि जे सोडायचं ते थोपवलं. याहून लाज वाटण्यासारखं माझ्या हातून काही झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्याने काकांकडून किल्ली आणली आणि ताईला म्हणाला, "चुकलो. आज मी आत नसेन. तूच काढ." एवढं बोलायला त्याला किती वेळ लागला ते विचारू नका. मी कसाबसा बाजूला झालो होतो.

ती आली. लांब वायरचं एक बटण असतं, काकांना स्वतःला फोटोत उभं राहायचं असलं की ते वापरतात. ते मुक्याने तिच्या हातात दिलं, दिवे लावले, दार ओढून घेतलं आणि बाहेर पायरीवर बसला. आतून कॅमेऱ्याचे आवाज आले. थांबले. पुन्हा आले. मग दार उघडलं.

"सगळ्यात मी बटणाकडेच बघतेय," ताई वैतागून म्हणाली. "चल, तूच काढ. आणि सांभाळून."

तो कॅमेऱ्यामागे गेला. नुसतं गप्प राहून भागणार नव्हतं, तिची मान खाली होती.

"हनुवटी वर," तो म्हणाला. मी ते जाऊ दिलं. "इकडे बघ." तेही जाऊ दिलं.

तिसरं त्यांच्यामागून धावत आलंच. सोबत्याने हाक मारली, या वेळी वेळेवर. मी सगळा जोर लावून ते धरलं. ते धडका देत होतं. मुक्याचे ओठ थरथरले, पण मिटलेलेच राहिले. ताई त्या ओठांकडे बघत होती. मग तिने नजर उचलली आणि सरळ कॅमेऱ्यात पाहिलं, न हसता, चेहऱ्याच्या दोन्ही अर्ध्यांनी.

मुक्याने बटण दाबलं.