तेरवीचं उष्टं

सिंधूबाईला सकाळपासून सगळ्याचीच किळस येऊन राहिली होती. तेरवी पोटच्या पोराची, सत्यमची, आणि मंगल कार्यालयाच्या दारात ही भली मोठी कमान. कमानीवर सत्यमचा फोटो एवढासा, थोरल्या व्यंकटचा त्याच्या दुप्पट, आणि व्यंकटच्या पक्षातल्या साहेबांचा तर विचारूच नका. साहेब संध्याकाळच्या विमानानं नांदेडला उतरणार, दोन शब्द बोलून जाणार. म्हणून तर अर्धापूरचं घरचं अंगण सोडून व्यंकटनं पंगत विमानतळाच्या भिंतीला लागून असलेल्या कार्यालयात घातली.

सत्यम सुट्टीला घरी येत होता. वाटेत परराज्यात विमान बदलायचं होतं. तिथं उतरता उतरताच ते पडलं. इंजिनात घारी घुसल्या म्हणे. तिथल्या विमानतळाच्या भिंतीबाहेर लोक खरकटं टाकायचे, कोंबड्यांची आतडी टाकायचे, त्यावर पाखरं जमायची. टीव्हीवाले घरी आले तेव्हा व्यंकटनं कॅमेऱ्यापुढं डोळे पुसत सांगितलं होतं, "विमानतळाजवळ घाण टाकणाऱ्यांना फासावर लटकवा!" व्हिडिओ गावभर फिरला. काय बोलला गडी, म्हणाले लोक.

दुपार कलली, शेवटची पंगत उठली. बुंदी झकास होती, वांग्याला तर्री चांगली होती, असं पाहुणे हात धुताना एकमेकांना सांगत होते. सिंधूबाई चूळ भरायला मागच्या दाराशी गेली आणि जागीच थिजली. कार्यालयाचा मल्लिनाथ आणि त्याची माणसं टोपल्याच्या टोपल्या पत्रावळी भिंतीकडच्या मोकळ्या प्लॉटवर पालथ्या करत होती. भात, पुऱ्या, वांगी, सगळ्याचा लगदा. दहाव्याला पिंडाला शिवावं म्हणून अख्खं गोत कावळ्यापुढं हात जोडून ताटकळलं होतं, तेव्हा मेला एक फिरकला नव्हता. आज झुंडीच्या झुंडी. आणि त्यांच्या वर घारी.

तिथंच भडाभडा ओकली ती.

"व्यंकट्या! हिकडं ये आधी."

व्यंकट कानाला फोन लावूनच आला. "काय माय, पाहुण्यांपुढं?"

"ते उष्टं उचल. आत्ताच्या आत्ता."

"उद्या घंटागाडी येते ना. इथं रोजच टाकतेत, आजवर काही झालं का?"

"तिथं बी रोजच टाकत होते, मुडद्या! पाखरं दिसना का तुला? संध्याकाळचं विमान यायचंय."

"तू दुःखात हायस माय. आत जाऊन पड जरा."

जावा-नणंदा दंड धरून तिला आत ओढायला लागल्या. "चला वहिनी, लोक बघून राहिलेत." एकानं तर मोबाईलच धरला तिच्या तोंडापुढं. सिंधूबाई त्याच्या पायाशी थुंकली. मग व्यंकटकडं वळून म्हणाली, "त्याच विमानात तुझा साहेब हाय ना रं?"

व्यंकटचं तोंड पांढरंफटक पडलं. सख्खा भाऊ गेला तेव्हा इतकं पडलं नव्हतं. "मल्लिनाथ, ट्रॅक्टर लाव! अरे बघता काय, फावडी आणा!" कडक इस्त्रीचे कार्यकर्ते बाह्या सारून धावले. पत्रावळी भराभर ट्रॉलीत पडायला लागल्या. सिंधूबाईला शिसारी आली, पण उचलतायत ना, कुणाच्या का नावानं होईना. तिनंही पदर खोचला.

अर्धा ढीग हलला आणि व्यंकटचा फोन वाजला. तो ताठ उभा राहिला. "जी साहेब... हाव साहेब... गाडीनं? लई बरं साहेब." फोन ठेवला तेव्हा तोंड कसं फुललं होतं! "राहू द्या रे! साहेब लातूरहून गाडीनंच येऊन राहिलेत. पोचलेच. चला, हात धुवा, हाराचं बघा."

फावडी होती तिथं पडली. ट्रॉली अर्धीच भरलेली.

"अरं, विमान तर येणारच हाय! त्यात माणसं हायत!" सिंधूबाई ओरडली. नळावर साबण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात चालला होता. कुणी वळूनही पाहिलं नाही.

ती ढिगात गुडघ्यावर बसली आणि दोन्ही हातांनी उपसायला लागली. तेवढ्यात घरघर ऐकू आली. विमान खाली येत होतं, भिंतीकडंच. कावळे कलकलत उठले. सिंधूबाईनं डोळे गच्च मिटले आणि अनोळखी माणसांसाठी सत्यमच्या नावानं हात जोडले. आवाज डोक्यावरून गेला. पलीकडं चाकं टेकली.

"उतरलं ना?" सदरा बदलून आलेला व्यंकट दारातून म्हणाला. "उगंच तमाशा केलास. चल, साहेब आले."

सिंधूबाई उठली. मूठभर उष्टा भात घेतला आणि त्याच्या कोऱ्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत फासला.

"जा. असाच जा साहेबापुढं."

आणि ती पुन्हा पत्रावळी उचलायला वाकली. उद्या सकाळीही एक विमान यायचं होतं.