टाळ्यांच्या शेजारचं बटण

सातव्यांदा ते हसू वाजलं तेव्हा माझ्या तळहातांना घाम फुटला होता. चेहरा मात्र मी कोरा ठेवला होता. खरं तर पहिल्यांदा ऐकतानाच मी ओळखलं होतं. आधी नाकातून शिट्टीसारखा आत ओढलेला श्वास, मग तीन उचक्या, आणि मग बांध फुटल्यासारखं खो खो. असं हसणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझा सख्खा मोठा भाऊ.

"परत लावा," शेजारच्या खुर्चीतला अधिकारी म्हणाला.

हा थेट साहेबांच्या कचेरीतून आला होता. शर्टाची इस्त्री इतकी कडक की हात वाकवला तर कापड मोडेल असं वाटावं. मनातल्या मनात मी त्याचं नावच कडक इस्त्री ठेवलं होतं. भीती वाटली की मी माणसांना टोपणनावं देते, त्याने जरा धीर येतो.

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी मोठ्या सभागृहात साहेबांचं भाषण होतं. त्याआधी मंत्र्यांची भाषणं चालू असताना साहेब व्यासपीठावर चांगली चार मिनिटं डुलक्या घेत होते. हनुवटी छातीला टेकली होती. सगळ्या सभागृहाने ते पाहिलं आणि सगळ्या सभागृहाने माना खाली घातल्या. मग साहेब उठले, माइकसमोर आले, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "गेली अकरा वर्षं तुमच्यासाठी मी झोपलेलो नाही!" त्यानंतर साहेब नेहमी थांबतात, टाळ्यांसाठी. त्या थांबण्यात दादा हसला. भाषण रेडिओवरून थेट चालू होतं. साहेबांना चार सेकंद शब्दच सुचेना. संध्याकाळपर्यंत अख्ख्या शहराला तोच चाळा लागला. दुकानात, बसथांब्यावर, कुठेही एकाने म्हणायचं, "मी झोपलेलो नाही," आणि दुसऱ्याने तीन उचक्या द्यायच्या.

साहेबांना शिवी चालते. शिवी देणाऱ्याला ते शत्रू म्हणतात, आणि शत्रू असलेले त्यांना आवडतात. हसू त्यांना सोसत नाही. मागच्या वर्षी एका न्हाव्याने लग्नात त्यांच्या चालण्याची नक्कल केली होती. त्याच्या दुकानाचं कुलूप अजून उघडलेलं नाही.

"चौथ्या माइकवर सगळ्यात आधी पोचलंय," मी म्हणाले. खोटं बोलून उपयोग नव्हता. सभागृहात आठ माइक असतात आणि आवाज कोणत्या माइकवर आधी पोचला त्यावरून रांग सापडते, हे त्याला कोणीतरी शिकवूनच पाठवलं होतं.

त्याने आसनांचा तक्ता उलगडला. "अकरा ते चौदा. पाणीपुरवठा खातं. बत्तीस माणसं." पाणीपुरवठ्यात दादा नळांचे नकाशे काढतो. दर खात्याने माणसं पाठवायचीच असतात, म्हणून तो गेला होता. "उद्या बत्तीसही जणांना इथे आणतो. एकेकाला हसायला लावतो. तुम्ही ऐकून सांगायचं."

"कसं हसायला लावणार?"

"सांगितलं की सगळे हसतात, बाई."

दादाला खोटं हसता येत नाही. लहानपणी आईच्या मारापासून वाचायलासुद्धा त्याला ते जमलं नाही. आणि कान माझेच होते. बावीस वर्षं रेडिओत ध्वनितंत्रज्ञ म्हणून या कानांनी मी पगार घेतला, ते आता माझ्याच भावावर उठणार होते.

अधिकाऱ्याने पेनाने टेबलावर टकटक केलं. "गंमत म्हणजे, हे हसू मी कुठेतरी ऐकलंय."

"ऐकलंच असणार," मी म्हणाले, आणि आपण पुढे काय बोलणार आहोत ते मला तोंडातून निघाल्यावरच कळलं. "हे आमच्याकडचंच आहे. रेकॉर्ड केलेलं. विनोदी श्रुतिकांमध्ये वापरायचो. काल चुकून माझ्याकडून वाजलं."

"वाजवून दाखवा," तो म्हणाला.

मी मिक्सरसमोर सरकले. बटणांखाली चिकटपट्ट्या होत्या, माझ्याच अक्षरातल्या. टाळ्या लहान. टाळ्या मध्यम. टाळ्या उठून. आणि त्याच्याच शेजारी, हसू पुरुष एकटा. वीस वर्षांपूर्वी आम्ही कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना स्टुडिओत बसवून हसण्याचा साठा केला होता, चहाबिस्किटांच्या बोलीवर. दादाने त्या दिवशी सगळ्यांचे आवाज बुडवले, म्हणून त्याचा ट्रॅक वेगळा काढावा लागला. मी बटण दाबलं. नाकातला श्वास, तीन उचक्या, खो खो.

"एकाखाली एक लावा, पडद्यावर," तो म्हणाला.

लावले. माणूस दोनदा अगदी एकसारखं हसत नाही, वीस वर्षांनी तर नाहीच. वरची रेघ उंच, खालची बसकी. सभागृहातल्या हसण्याच्या शेवटी एक बारीकसा खोकलाही होता.

"हा खोकला तुमच्या साठ्यातल्यात नाही."

"सभागृहातल्या कोणाचा तरी असेल, सर. चौदाशे माणसं होती."

"आणि चौथ्या माइकवरच का आधी?"

"टाळ्यांचे स्पीकर तिथे भिंतीत आहेत. बाराव्या रांगेच्या डोक्यावर. बघून घ्या."

तो अगदी सावकाश म्हणाला, "टाळ्यांचे स्पीकर?"

तेव्हा मला कळलं की यालाही माहीत नव्हतं. बिचारा स्वतः उभा राहून टाळ्या वाजवत आला होता, आणि आपल्याभोवती सगळं सभागृह गरजतंय अशीच त्याची समजूत होती.

"पहिल्या वर्षी टाळ्या कमी पडल्या," मी सांगितलं, "तेव्हा तुमच्याच कचेरीतून कोणाचातरी तोंडी निरोप आला. मग साहेब घरी जाताना गाडीत रेकॉर्डिंग ऐकून टाळ्यांचे सेकंद मोजायला लागले. कमी झाल्या तर कोणाचीतरी बदली व्हायची. त्यामुळे आम्ही दर वेळी एक-दोन सेकंद वाढवत गेलो. आता अठ्ठेचाळीसवर आहोत."

"साहेबांना..."

"नाही. त्यांना कोण सांगणार? आता तुम्ही सांगाल, रिपोर्टमधून. माझी चूक आहे, लिहा ना."

त्याने कागद पुढे ओढला, 'ध्वनियंत्रात साठवलेल्या' एवढं लिहिलं आणि थांबला. ते खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. मला अटक करायची तर हसू यंत्रातून आलं हे लिहायला हवं, आणि हसू यंत्रातून आलं म्हटलं की टाळ्या कुठून आल्या हे विचारलं जाणारच. अकरा वर्षांच्या टाळ्या. कागदावर पहिली सही त्याची. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं मी डोळ्यांनी पाहिलं, आणि खोटं का बोलू, मला बरं वाटलं.

पेनाचं टोपण लावून तो उठला. "या खोलीत काही बोलणं झालेलं नाही."

संध्याकाळी घरी पोचल्यावर जिने चढून मी आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दादाकडे गेले आणि सगळं सांगितलं. वहिनी ओंजळीत तोंड धरून रडली. दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आमच्या घरात असले लाड नाहीत, त्यामुळे मलाही रडू आलं.

चौथ्या दिवशी कडक इस्त्री परत आला. या वेळी हसत होता, आणि ते मला जास्त वाईट वाटलं.

"मी साहेबांना सांगितलं की एका नागरिकाला आनंद आवरला नाही. त्यांनी तीनदा ऐकलं. म्हणाले, 'हा माणूस मला ओळखतो.' आता प्रत्येक भाषणात तो नागरिक हजर हवा. एकदा तरी."

"सर, पण तो..."

"कुठून आणता ते मला सांगू नका. साहेबांनी विनोद केला की हजर करा."

मी केलं. काय करणार होते? पुढच्या भाषणात एकदा, त्यापुढच्यात दोनदा. साहेब बारीकसारीक विनोद करायला लागले, केवळ त्या हसण्यासाठी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून आलं, जनतेच्या मनातलं हसू. दुकानातला चाळा आठवड्यात बंद पडला. तीन उचक्या दिल्या तर लोक आता विचारत, का रे, साहेबांकडे नोकरी लागली का?

दादा घरात हसेनासा झाला. रेडिओ लागला की उठून गॅलरीत जायचा. एका रविवारी मी वर गेले तेव्हा तो पेन्सिलींना टोक काढत बसला होता. एकामागून एक, गरज नसताना.

"अगं, मी त्या माणसाला हसलो होतो," वर न बघता तो म्हणाला. "आयुष्यात एकदा धाडस केलं, तेही चुकून. आणि आता मी त्याच्या खिशातलं माकड झालोय."

"जीव वाचला ना तुझा?"

"वाचला. तूच वाचवलास, नाही कोण म्हणतंय? पण माझं हसू तू त्याला देऊन टाकलंस." ब्लेड खाली ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं. "उद्या सकाळीच मी त्या कचेरीत जाणार आहे. सांगणार, तो मी होतो, आणि आनंदाने नव्हतो हसलो."

"वेडा झालायस का? वहिनीचा विचार कर!"

"तिला सांगितलंय."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. वहिनी ऐकत होती आणि बाहेर येत नव्हती. मी चिडले, ओरडले, हातापाया पडले. तो ऐकेना. शेवटी मी एवढंच मागून घेतलं की उद्या दुपारचं भाषण होऊ दे, मग काय करायचं ते कर. रात्रभर मी त्याच्यावर रागावलेलीच होते. सकाळी लक्षात आलं की राग त्याच्यावर नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी सभागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत बसले होते. कडक इस्त्री माझ्या खांद्याशी उभा, हातात भाषणाची प्रत. हसण्याच्या जागा त्याने लाल पेनाने अधोरेखित केल्या होत्या. भाषण थेट चालू होतं. पहिला विनोद झाला, मी हसू दिलं. साहेब खूश झाले, अंगठा वर केला. दुसरा झाला, दिलं.

मग साहेबांचा आवाज ओला झाला. आपण किती सोसलं ते सांगायला लागले. आपल्यासारखा माणूस शंभर वर्षांत एकदा जन्मतो आणि त्याला एकटंच राहावं लागतं, असं म्हणाले. खिशातून रुमाल काढला, डावीकडच्या कॅमेऱ्याकडे वळले, आणि रुमाल डोळ्यांना लावून थांबले. प्रतीत तिथे लिहिलं होतं, टाळ्या उठून, अठ्ठेचाळीस सेकंद.

बटण मी चांगलं बघून दाबलं.

श्वास. तीन उचक्या. खो खो.

रुमाल साहेबांच्या डोळ्यांवरच राहिला. चौदाशे माणसं थिजली. "टाळ्या!" अधिकारी माझ्या कानाशी खेकसला. "टाळ्या टाका, बाई!" त्याने माझं मनगट धरलं, पण कोणतं बटण कशाचं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि चिकटपट्ट्या मी सकाळीच काढल्या होत्या. त्याने एक दाबलं. तेच हसू पुन्हा वाजलं.

पुढच्या रांगेतल्या एका बाईला हसू फुटलं. तिने पदराने तोंड दाबलं, तरी फुटलंच. मग मधल्या रांगेत कोणीतरी. मग डाव्या बाजूला दोघं, मग ते कुठून येतंय हे सांगता येईना. साहेबांनी रुमाल खाली घेतला तेव्हा त्यांचे डोळे कोरडे होते, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

"कोण आहे?" अधिकारी ओरडत होता. "कोणती रांग? सांगा, कोणती रांग?"

मी हेडफोन काढून त्याच्यासमोर धरला. त्याने तो घेतला नाही. काचेतूनही सगळं ऐकू येत होतं.