पिपरमिंटची खोटी चहाडी

अंगाला स्वतःचं थंड तेल चोळून, भर उन्हात, दुपारची, जोहरची अजान होईपर्यंत खुर्चीत बसून दाखवलं, तर हनीफच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: नशिराबादच्या हायवेवरचं गिऱ्हाईक आणि जीनतचं गप्प बसणं. दुसरी जास्त मोलाची. फार्मसी शिकायला जळगावला जाणारी ही मुलगी बापाच्या तेलाला सरळ फसवणूक म्हणायची.

खरं तर खोड तिनंच काढली होती. सकाळी म्हणाली, "अब्बा, कातडीतल्या नसांना बारीक फाटकं असतात. थंडीनं उघडायची ती पिपरमिंटनं उघडतात. मेंदूला खबर जाते, गार आहे. अंग गार झालेलं नसतंच."

"पण वाटतं ना गार?"

"वाटतं."

"मग झालं तर," म्हणत हनीफनं तेलात पिपरमिंट दुप्पट टाकलं.

आता हनीफ दुकानाबाहेर उन्हात बसला होता आणि तिचा पाय दुकानात ठरेना. पाणी घेऊन जायची, तसंच परत आणायची. पाणी प्यालो तर लोक काय म्हणतील, हे त्याचं उत्तर. समोरच्या रसवंतीतून रतिलाल, मूळचा धुळ्याचा, चिडवत होता. "हनीफभाई, उठा आता. पापड असता तर एव्हाना वाळून डब्यात गेला असता."

"तू तुझा बर्फ सांभाळ."

थोड्या वेळानं हनीफनं भलतंच विचारलं, "आपली बरात निघाली का?"

जीनतनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. तवा. घामाचा थेंब नाही.

रतिलाल तापाची गोळी घेऊन धावला. "हाऊ ताप शे."

"नाही काका," बापाला सावलीत ओढत ती म्हणाली. "तापात मेंदू स्वतःच आकडा वर चढवतो, गोळी तो उतरवते. इथं तसं नाही. रक्त तापलं की उघडणारी फाटकं मेंदूतही आहेत, ती केव्हाची बोंबलत असतील. कातडीनं खोटी चहाडी केली, अब्बांनी तीच ऐकली. बर्फ द्या."

"केवढा?"

"सगळा."

रतिलालनं रांगेतल्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. मग बर्फाची अख्खी पेटी पुढं ढकलत म्हणाला, "बठ्ठा लई जा."

तेल साबणानं धुतलं, मानेला, काखेत बर्फ दाबला, वर बादल्या ओतल्या. कुणीतरी पुठ्ठ्यानं वारा घालत राहिलं. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा हनीफनं डोळे उघडले. "जीनत, गार वाटतंय." या वेळी तिनं वाद घातला नाही.

हिशेब असा. हनीफला जीव मिळाला, तेलाची बाटली एकही खपली नाही, आणि भरपाई सगळी रतिलालनं केली: भर मे महिन्यात उरलेला दिवसभर कोमट रस विकला आणि येईल त्याच्या शिव्या खाल्ल्या.