पंचशील बँडचा नियम

"नवरदेव कुठी हाय गा?"

बाजारचौकातल्या गर्दीतून एका म्हाताऱ्याने खणखणीत आवाजात विचारले आणि सगळे हसले. विचारणाऱ्याची काही चूक नव्हती. पंचशील बँडचे बारा जण निळे कोट घालून, शाळेतून मागून आणलेल्या खुर्च्यांवर अर्धगोल बसले होते, आणि बसलेला बँड सावरटोल्यात आजवर कोणी पाहिला नव्हता. बँड म्हटला की तो चालणार, पुढे पोरे नाचणार, मागून नवरदेव येणार. हे बारा जण बसून काय करणार, ते कोणाच्या डोक्यात शिरेना.

"नवरदेव नाई आज," मुखरू मास्तर म्हणाला. "आज नुसतं आयकाचं."

"मंग वरात कवा निंगते?"

मुखरूने क्लॅरनेट ओठाला लावली.

मुखरू निमगडे मास्तर होता तो बँडपुरता. एरवी तो धानाच्या गिरणीत पोती उचलायचा. बावन्न वर्षांचा, उंच, अंगात कोंड्याचा वास कायमचा मुरलेला. त्याचा बाप दसरू सनई वाजवायचा, गावकीची. पाटलाघरचे लग्न असो की पोळा, बोलावणे आले की गोठ्याजवळ उभे राहून वाजवायचे आणि देतील ते पदरात घेऊन यायचे. छप्पन साली बापलेक चांद्याला, आताच्या चंद्रपूरला, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. दसरूने घरी आल्याआल्या सनई चुलीत घातली. पुढे मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणी काढून नागपुराहून वाद्ये आणली, बँड उभा केला, तेव्हा मुखरूने एकच नियम घातला होता. कोणाच्या दारी उभे राहून वाजवायचे नाही.

नियम पाळूनही बँडने पुष्कळ केले. समाजाच्या लग्नात वरातीत लोक नवरदेवावरून नोट ओवाळून बँडला देत. त्यातला अर्धा वाटा मदतपेटीत जाई. त्या पेटीतून शाळेची भिंत झाली, दोन पोरींच्या चष्म्यांची सोय झाली, एका बाळंतिणीला चांद्याच्या दवाखान्यात नेता आले. बँडवाल्यांच्या घरी बायका कुरकुरत, पण चारचौघींत त्याच गोष्टी मान ताठ करून सांगत.

यंदा मात्र पेटीने भागणारे नव्हते. दहा दिवसांपूर्वी शेजारचा भिवाटोला जळाला होता. चैत्रात मोहफुले वेचायला सगळा टोला पहाटेच जंगलात गेलेला, घरी चार म्हातारी माणसे. कुठून तरी ठिणगी उडाली आणि तासाभरात बावीस घरे गेली. माणसे वाचली, पण वर्षभराचे धान साठवणीच्या ढोल्यांसकट जळाले. टोल्यातला पोचू मडावी मुखरूबरोबर गिरणीत कामाला होता. क्लॅरनेटची पत्ती तो वेळू तासून बनवून द्यायचा. नागपूरच्या पत्तीपेक्षा तीच गोड वाजते असे मुखरू सांगे. खरे की खोटे कोण जाणे, दुसरी पत्ती घ्यायची ऐपत तरी कुठे होती!

"मंगळवारी मिर्चीचा ठेकेदार ट्रक घेऊन येते," पोचू म्हणाला होता. "खायाले नाई तं आमी सारे मिर्ची तोडाले आंध्रात जाऊ. गेलेला मानूस मंग वापस येत नाई, मास्तर."

बँडमधला ढोलवाला खुशाल लगेच म्हणाला, "घरोघरी वाजवत जाऊ. सूपभर धानाले कोनी नाई म्हननार नाई."

"नाई. नियम म्हंजे नियम."

"मंग का कराचं?"

"आपन बसाचं. लोकं येतीन."

आणि मुखरू कामाला लागला. आठ दिवस गिरणीमागे तालीम चालली. त्याने स्वतः एक लांबलचक चाल बसवली, संथ सुरू होऊन हळूहळू वर चढणारी. लग्नाच्या धांगडधिंग्याला सरावलेली पोरे सुरुवातीला कंटाळली, मग तीच तिच्या नादी लागली. पोती वाहतानाही गुणगुणू लागली. बाजाराच्या दिवशी खुर्च्यांपुढे मोठी ताडपत्री अंथरली. भिवाटोल्यासाठी धान त्यावर टाका, असे खुशालने भोंग्यातून तीनदा सांगितले.

वाजवले मात्र झकास. भाजीवालीने तराजू खाली ठेवला, बैलांचा सौदा करणारे सौदा विसरले. दोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आणि एवढे होऊन ताडपत्रीवर आल्या त्या फक्त दोन कोंबड्या.

"का वो सुगंधाबाई, देत काऊन नाई कोनी?" खुशालने भाजीवालीला विचारले.

"देनार कसे, बाप्पा? ओवाळाचं कोनावरून? नवरदेवच नाई. अन् धान असं मातीत टाकून देल्ल्यावानी टाकाचं? मनाले बरं वाट्टे का? दारी आले असते तं सूप भरून देल्लं असतं."

मुखरूने हे ऐकले आणि त्याचा चेहरा उतरला. आठ दिवसांत सगळ्याचा विचार केला होता, एवढाच राहिला होता. लोक कंजूष नव्हते. त्यांना द्यायचे कसे ते कळत नव्हते, आणि जी रीत त्यांना कळत होती ती त्यानेच बंद करून ठेवली होती.

उन्हे कलली, बाजार मोडू लागला. पोचू इतका वेळ चिंचेखाली बसून होता. तो उठून जवळ आला.

"जाऊ द्या मास्तर. मस्त वाजवलं तुमी."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मुखरूला बरे वाटले असते.

खुशाल हळूच म्हणाला, "तुमी घरी जा. आमी जातो दारोदार. तुमच्या डोऱ्याआड होऊन जाईन."

"डोऱ्याआड काऊन?" मुखरू खुर्चीवरून उठला. "नियम मी केला, मोडाचा तं मीच मोडन. चाला."

"पयले आपल्या मोहल्ल्यात?"

"नाई. पयले पाटलाघरी. तिथी नाई जमलं तं पुढी कुठीच जमनार नाई मले."

हे सारे त्र्याऐंशी सालचे. पुढे पोरे नोकरीला चंद्रपूर, बल्लारपूरकडे पांगली, कॅसेटी आल्या, निळे कोट कोणाकोणाच्या ट्रंकेत गेले. आजही सावरटोल्यात जुनी माणसे भेटली की त्या संध्याकाळी किती पोती झाली यावर भांडतात. मंगळवारी मिरचीचा ट्रक रिकामा गेला, यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे. पण सांगण्यासारखे आहे ते पहिल्या दाराचे.

पाटलाच्या अंगणात बँड शिरला. गोठ्याजवळ येताच मुखरूचे पाय आपोआप थांबले. लहानपणी बापाचा सदरा धरून तो इथेच उभा राहायचा. क्षणभर थांबून तो पुढे गेला, थेट पायऱ्यांसमोर. मागोमाग सगळे. मुखरूला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा रागही येत होता. पोचू बाजूला पोत्याचे तोंड उघडून उभा राहिला. मुखरूने क्लॅरनेट दोन्ही हातांत धरली आणि आपली चाल सुरू केली.

पाटलीण अंजनाबाई बाहेर आली. सत्तरीची, पांढऱ्या लुगड्यातली. कशासाठी आलेत ते तिला बाजारातून कळले असावे, कारण येताना तिने काठोकाठ भरलेले सूप आणले होते. ती पायऱ्या उतरली आणि तिने धान पोत्यात ओतले.

दसरूच्या वेळी इथे सनई थांबायची. धान पडले की सूर तोडायचा, कंबरेत वाकायचे आणि जोहार करायचा. चाल अर्धी झाली असो नाहीतर पाव. धान पडल्याचा आवाज कानावर आला आणि मुखरूची बोटे खरोखरच अडखळली. खुशालनेही ढोलाचे टिपरू वरच्या वर धरले आणि मुखरूकडे पाहिले.

अजून अर्धी चाल बाकी होती.

मुखरूने नाकाने श्वास ओढला आणि पुढचा सूर लावला. ढोल पुन्हा सुरू झाला, पाठोपाठ ट्रम्पेट चढले. अंजनाबाई पायरी चढून आत जायला वळली, तशीच थांबली. कोणी वाकले नव्हते, कोणी जोहार केला नव्हता, आणि वाजणे तर तिच्याचसाठी चालले होते. अशा वेळी काय करायचे हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिने रिकामे सूप कमरेला धरले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खांबाशी उभी राहिली. चाल चढली, चढून सावकाश उतरली, शेवटचा सूर मुखरूने दम संपेपर्यंत धरला.

मग त्याने क्लॅरनेट खाली घेतली.

"सरलं का, मास्तर?" अंजनाबाईने विचारले. "जाऊ का मी आता?"

"हो बाई. सरलं."

मग ती आत गेली.